पात्याला पाणी चढते तेव्हा

उजेड ओसरला की मी भट्टीजवळचा दिवा मालवतो, तापलेले पाते बाहेर काढतो आणि हवेत धरून नुसते बघत राहतो. केशरी पाते हळूहळू लाल होते, मग काळवंडू लागते. आता विझणार असे वाटत असतानाच टोकाकडचा पातळ भाग आपोआप पुन्हा उजळतो. ती उजळलेली कड टोकापासून मुठीकडे सावकाश सरकत जाते. भट्टी तर मागे राहिलेली असते. ही ऊब पोलादाच्या पोटातूनच आलेली असते. विल्यम बॅरेट या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये या उजळण्याचा अभ्यास केला. छंद म्हणून सुऱ्या घडवणाऱ्याने पहिला घाव घालण्याआधी हा खेळ एकदा तरी अंधारात पाहावा, असे मला मनापासून वाटते. सुरीची सगळी विद्या त्या सरकत्या कडेत आहे.

थंड लोखंडात अणूंची मांडणी अशी असते: एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि बरोबर मध्यभागी एक. लोखंड पुरेसे तापले की ही घडी मोडते. मधला अणू जागा सोडतो आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येऊन बसतात. या नव्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड लोखंडात वजनाच्या जेमतेम ०.०२ टक्के कार्बन मुरतो, ऑस्टेनाइटमध्ये मात्र दोन टक्क्यांपर्यंत. सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेल्या पोलादात हा बदल ७२७ अंश सेल्सिअसला होतो. तापताना त्यासाठी उष्णता गिळली जाते. निवताना मांडणी पूर्वपदावर येते आणि गिळलेली उष्णता परत मिळते. अंधारात दिसते ती हीच परतफेड.

आता भट्टी. तिच्यावर फार खर्च करू नये. लोखंडी नळकांडे, आत सिरॅमिक लोकरीचे अस्तर आणि गॅसचा बर्नर एवढ्यावर काम भागते. साधी जड वीट स्वतःच उष्णता पीत बसते, लोकर ती आतच अडवते; म्हणून लोकरीची भट्टी काही मिनिटांत लाल होते. त्या लोकरीचे तंतू मात्र फुफ्फुसात जाता कामा नयेत, म्हणून तिच्यावर उष्णतारोधक लेप चढवायचाच. बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा गॅस आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतो, त्यामुळे बर्नरला पंखाही लागत नाही. हवा जास्त झाली तर ज्योत पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन खाऊन टाकते आणि वरचा थर मऊ पडतो. म्हणून ज्योत किंचित गॅसकडे झुकलेली ठेवतात. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तेव्हा भट्टी उघड्यावरच पेटवावी. आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड तिच्या जवळपासही नको: जस्त ९०७ अंशाला उकळते आणि त्याची वाफ माणसाला तापाने फणफणवते.

ऐरणीच्या पायी बरेच नवशिके अडून बसतात, आणि त्याची काहीच गरज नाही. भंगारातला रुळाचा अर्धा मीटर तुकडा घ्यावा. मीटरला ६० किलो भरणारा रूळ असेल तर हातात ३० किलो पोलाद आले. तो आडवा टाकला तर मधली पातळ भिंत घावासरशी लवते. उभा रोवला तर सगळे वजन थेट घावाखाली येते. वजनाचे महत्त्व हिशेबातच दिसते. एक किलोचा हातोडा मोकळ्या ऐरणीवर पडला आणि उसळला नाही असे धरले, तर पाच किलोच्या ऐरणीवर घावातली सहावा हिस्सा ऊर्जा दोघांना नुसती खाली ढकलण्यात वाया जाते. ३० किलोच्या ऐरणीवर एकतिसावा. उरलेली सगळी गरम लोखंडाला आकार देण्यात जाते. माथा टणक आहे की नाही हे बॉलबेअरिंगमधली गोळी वरून सोडून कळते. जितकी उंच उसळेल तितकी ऐरण चांगली.

सांडशी मात्र स्वतःच घडवावी, आणि तीही सुरीच्या आधी. माझी पहिली सांडशी मी गाडीच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून केली होती, कारण चांगले पोलाद वाया का घालवायचे असे तेव्हा वाटले. काम करताना तिचे जबडे तापत, मी ते पाण्याच्या बादलीत बुडवून निववत असे. आठवडाभरात एक जबडा काचेसारखा तुटला आणि लालबुंद पाते माझ्या बुटापाशी पडले. कमानपाट्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. दर बुडवणीला मी नकळत सांडशीला पाणी चढवत होतो, म्हणजे तापलेले पोलाद झटकन निववून टणक आणि ठिसूळ करत होतो. साध्या मऊ लोखंडात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ते कितीही वेळा पाण्यात बुडवले तरी असे ठिसूळ होत नाही. सांडशी मऊ लोखंडाची आणि पाते पोलादाचे असे का, ते त्या दिवशी हाताला कळले.

आपल्या भाषेत धारेला ‘पाणी देतात’. मी ते तेलाने देतो. पाते तयार आहे हे चुंबक सांगतो. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही, म्हणून पकड सुटली की आत घडी बदलली असे समजावे. त्यानंतर आणखी थोडे तापवायचे, साधारण ८०० अंशांपुढे, म्हणजे कार्बन सगळीकडे विरघळतो. याहून फार वर गेले तर कण मोठे होतात आणि पाते तुटके होते.

मग शर्यत सुरू होते. कार्बनला वेळ मिळाला तर तो बाहेर पडून वेगळे थर करतो आणि पोलाद मऊच राहते. साध्या कार्बन पोलादाला ५४० अंशांच्या खाली न्यायला जेमतेम एखादा सेकंद हाताशी असतो. तेवढ्यात निवले तर कार्बन अडकून पडतो, अणूंची चौकट ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होते. हे नाव जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून आले. ते होताना पोलाद किंचित फुगते. पाण्यात ते इतके झपाट्याने आणि असमान निवते, कारण वाफेचे आवरण कुठे फाटते, कुठे टिकते, की फुगण्याच्या ताणाने पाते ‘टिंग’ करून चिरते. तेल हा धक्का सौम्य करते. तेल आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट करावे: पातळ झालेले तेल भराभर फिरते आणि थंड तेलापेक्षा लवकर निववते. पाते तेलात धारेच्या दिशेने पुढेमागे हलवावे. आडवे हलवले तर वाकडे होते. बाहेर काढून काठावर कानस ओढावी. ती काचेवरून घसरल्यासारखी सरकली की पाणी चढले.

असे पाते हातून फरशीवर पडले तरी तुटू शकते. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, निववून पुन्हा दोन तास. मी ते वाळूने भरलेल्या डब्यात ठेवतो. ओव्हनचे तापमान वरखाली झाले तरी वाळू ते झेलते. थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो, टणकपणा जरा कमी होऊन चिवटपणा येतो. घासून चकचकीत केलेल्या भागावर काडासारखा फिकट पिवळा रंग चढतो. तो रंगद्रव्याचा नव्हे. ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा प्रकाशलहरींची सरमिसळ करतो त्याचा आहे, साबणाच्या फुग्यावर असतो तसा. पापुद्रा वाढत गेला की जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा होतो. निळा रंग स्प्रिंगला शोभतो, सुरीला नाही. पुढे पट्ट्याच्या यंत्रावर धार काढताना हातमोजे घालू नयेत: बोटांना चटका बसला की पाते पाण्यात बुडवावे. पातळ कड क्षणात निळी होते, आणि मग सगळी मेहनत पुन्हा भट्टीपासून.

शेवटी पितळेची गोल कांडी शिकंजात आडवी धरतो आणि धार तिच्यावर किंचित तिरकी दाबत ओढतो. उजेडाखाली काठ कांडीवर लवताना डोळ्यांना दिसतो. दाब काढल्यावर तो लवलेलाच राहिला तर पाते मऊ, कपची उडाली तर फार कडक. आणि सरळ उभा राहिला, तर मूठ बसवायला घ्यावी.