खत अनुदान (भारतातील)

रासायनिक खताचा उत्पादनखर्च वा आयातखर्च आणि शेतकऱ्याला पडणारी किंमत यांतील फरक भरून काढण्यासाठी केंद्र सरकार देत असलेली रक्कम. ती शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही, उत्पादक वा आयातदार कंपनीला मिळते.

प्रारंभाविषयी एकमत नाही. काही जण तो १९४४ च्या केंद्रीय खत साठ्यापर्यंत (सेंट्रल फर्टिलायझर पूल) मागे नेतात. पण देशी व आयात खताची किंमत सारखी ठेवणे हा त्या व्यवस्थेचा हेतू होता. तिला अनुदान म्हणणे जरा ओढूनताणून होते. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, खते महागली आणि मागणी खालावली. त्यानंतर मार्च १९७६ मध्ये स्फुरदयुक्त (फॉस्फरसची) खतांना सवलत मिळाली. आजच्या पद्धतीचा खरा पाया मात्र मराठे समितीच्या शिफारशींवरून नोव्हेंबर १९७७ मध्ये नत्रयुक्त (नायट्रोजनच्या) खतांसाठी आलेल्या ‘रिटेन्शन प्राइस’ योजनेत आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्येक कारखान्याचा खर्च वेगळा धरून नक्त मालमत्तेवर करोत्तर १२ टक्के परतावा मिळेल अशी किंमत त्याला ठरवून दिली जाई. कारखाने वाढले, तसेच महागात खत काढणारे कारखानेही तगले. त्यामुळे अनुदान शेतकऱ्याचे की उद्योगाचे, हा वाद उभा राहिला. अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी व सुधा नारायणन यांनी १९८०–२००० या काळासाठी शेतकऱ्याचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश काढला. आयात खताची कोणती किंमत तुलनेला घ्यायची यावर हा आकडा बराच हलतो.

एकूण रकमेपेक्षा खतांच्या परस्पर किमतींवरचा परिणाम अधिक दूरगामी ठरला. २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद व पालाशयुक्त (पोटॅशची) खते नियंत्रणमुक्त झाली. नत्र पुरवणारा युरिया नियंत्रणात राहिला, शिवाय १० टक्क्यांनी स्वस्तही झाला. नत्र : स्फुरद : पालाश या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते वर्षभरात ९.५ : ३.२ : १ झाले. १ एप्रिल २०१० पासूनच्या अन्नद्रव्याधारित (खतातील अन्नद्रव्यांच्या प्रमाणात दिल्या जाणाऱ्या) अनुदानातूनही युरिया वगळला गेला आणि २०१२-१३ मध्ये प्रमाण पुन्हा ८.२ : ३.२ : १ वर गेले. ४५ किलोची युरियाची गोण २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलोची डीएपी या स्फुरदयुक्त खताची १,३५० रुपयांना मिळत असताना शेतकऱ्याचा हात कुठे वळेल, हे सांगायला नको.

या चर्चेत ४ : २ : १ हे प्रमाण ‘आदर्श’ म्हणून सर्रास दिले जाते. ते बहुधा गहू-भाताच्या हेक्टरी १२० : ६० : ३० किलो अशा शिफारशींवरून रूढ झाले असावे. महाराष्ट्रातील शिफारशी त्यात बसत नाहीत : आडसाली उसाला हेक्टरी ४०० : १७० : १७० किलो, तर तुरीला नत्र २५ व स्फुरद ५०, म्हणजे क्रम उलटाच. संपूर्ण देशासाठी एकच प्रमाण हा मापदंड म्हणून कच्चाच आहे. मात्र नत्राकडे झुकाव वाढला, हा निष्कर्ष त्यामुळे ढळत नाही.

स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकापासून पशुखाद्यापर्यंत वळवला जाऊ लागल्याने २०१५ मध्ये सर्व देशी युरियाला कडुनिंबाचे लेपन सक्तीचे झाले. मार्च २०१८ पर्यंत सर्व राज्यांत ई-पॉस यंत्रावरील (खरेदीदाराची ओळख पटवून विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावरील) विक्री लागू झाली. कृषी सेवा केंद्रात अंगठा लागल्यावर कंपनीचे अनुदान सुटते. पण किती जमिनीला किती खत, याची मर्यादा यंत्र घालत नाही. युरियासोबत दुसरे एखादे खत वा औषध गळ्यात मारण्याची, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘लिंकिंग’ची, तक्रार हंगामात हमखास येते.

२०२२-२३ मध्ये जागतिक भाववाढीमुळे हा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. भारतीय अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने २०१५ मध्ये हेक्टरी सुमारे ७,००० रुपये थेट शेतकऱ्याला द्यावेत असे सुचवले होते. तोंडी कराराने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याला ही रक्कम कशी पोहोचवायची, ही त्यातली मोठी अडचण आहे.