मीटरचा लाल दिवा वीज खातो का?

‘मीटरचा लाल दिवा लुकलुकतो म्हणजे मीटर फुकटची वीज खातोय, त्याला कागद चिकटवा.’ बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपासून खानापूरपर्यंत हा मेसेज फिरतो. आमच्या काकूंनी चिकटपट्टीही लावली होती. मी मीटरमध्ये असतात तशाच छोट्या चिपांचे प्रोग्राम लिहितो, म्हणून सांगतो.

तो दिवा मोजणीचा आहे. बिल कन्नडमध्ये असलं तरी मीटरवर इंग्रजीत ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुक झाल्या की एक युनिट. दिवा झाकला तरी आतली चिप मोजतच राहते.

पडताळायचं असेल तर घरातलं सगळं बंद करून १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब तेवढा लावा. तासाला ०.१ युनिट, म्हणजे ३२० लुकलुक, साधारण दर ११ सेकंदांनी एक. काकूंच्या देवघरासमोर उभं राहून आम्ही मोबाईलवर मोजलं: अकरा, अकरा, बारा. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर त्यानं हिशेब करा.

आता मेन स्विच पाडा. लुकलुक थांबायला हवी (काही मीटरांत दिवा नुसता स्थिर राहतो, ते ठीक). तरीही चालूच राहिली, तर मीटर आणि मेन स्विचमधल्या वायरिंगमध्ये गडबड असू शकते. वायरमनला दाखवा, नाहीतर मीटर तपासणीचा अर्ज द्या.

नवा मीटर बसवल्यावर बिल वाढल्याची तक्रार मात्र अगदीच खोटी नसते. चकतीचे जुने, झिजलेले मीटर चार्जर, सेट-टॉप बॉक्स यांची बारीक वीज पकडत नसत. नवा पकडतो.