दिवा मालवल्यावरची झाडाझडती

रात्री दिवा मालवला आणि त्याची सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाली, की रोमन तत्त्वज्ञ सेनेका अख्खा दिवस स्वतःसमोर मांडून तपासायचा. नीरो बादशहाच्या हुकमावरून इ.स. 65 मध्ये ज्याला जीव द्यावा लागला, तोच हा सेनेका. ही रीत त्याने सेक्स्टियस या आधीच्या तत्त्वज्ञाकडून उचलली. प्रश्न तीनच: आज कोणती खोड सुधारली? कोणत्या दोषाला अडवलं? कोणत्या बाबतीत कालपेक्षा बरा झालास?

खरी मेख उत्तरांत आहे. ‘मी तापट आहे’ असलं मोघम काही तो म्हणत नाही. तो स्वतःला सांगतो: अमक्याला गरजेपेक्षा जास्त स्पष्ट सुनावलंस. तो सुधारला नाही, दुखावला मात्र. पुढच्या वेळी बोलणं खरं आहे एवढंच पाहू नकोस, समोरच्याला ते सोसेल का हेही बघ. म्हणजे एक नेमका प्रसंग, त्याचा परिणाम आणि पुढची दुरुस्ती.

यामागे रागाची त्याने केलेली उकल आहे. पहिला झटका आपल्या हातात नसतो. गार पाणी अंगावर उडालं की शहारा येतो, तसा तो येतो. आज आपण त्याला अ‍ॅड्रेनलिनची उसळी म्हणू: छाती धडधडते, स्नायू ताठरतात. दुसऱ्या टप्प्यात मन ‘माझा अपमान झाला, वचपा काढायलाच हवा’ या निवाड्याला रुकार देतं. तिसऱ्यात लगाम सुटतो. अडवायचं ते दुसऱ्या टप्प्यावर, आणि त्यासाठी सेनेकाचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे विलंब. शरीराची उसळी ओसरेपर्यंत निवाडा लांबवायचा. राग ‘बाहेर काढून टाकणं’ हा यावरचा पर्याय नव्हे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणारे लोक अधिकच चिडलेले आढळले.

रात्रीची तपासणी हा त्याच निवाड्याचा सराव आहे. घटना आणि तिचा आपण लावलेला अर्थ वेगळा करायचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली मानसोपचार पद्धत याच पायावर उभी आहे, आणि स्टोइकांचं, म्हणजे सेनेका ज्या पंथाचा त्या तत्त्वज्ञांचं, हे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केलं होतं.

करून पाहायचं तर एक-दोन प्रसंग पुरेत, वेळ पाच-दहा मिनिटं. बिघडतं ते बहुधा एकाच ठिकाणी: लोक खटला चालवतात, पण तो निकाली काढत नाहीत. मग तीच चूक अंथरुणात घोळत राहते आणि झोप उडते. तसं होत असेल तर तपासणी झोपण्याच्या तासभर आधी, बसून, कागदावर करावी. शेवटचं वाक्य मात्र गाळू नये. सेनेका ते दरवेळी स्वतःला ऐकवायचा: पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ करतो. या तपासणीनंतर येणारी झोप किती शांत, गाढ आणि मोकळी असते, हेही त्याने लिहून ठेवलं आहे.