प्रकाशाची कसोटी: योहानाच्या पत्रापासून उदयनगरपर्यंत

बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात जुन्या करारातलं एकच नाव येतं, ते काइनाचं. अब्राहाम नाही, मोशे नाही, दावीद नाही. पाच अध्यायांत प्रीती आणि प्रकाश यांशिवाय दुसरं फारसं न बोलणाऱ्या या लेखकाला पूर्वजांपैकी आठवला तो सख्ख्या भावाचा जीव घेणारा माणूस. ही निवड सहज झालेली नाही. ‘देव प्रकाश आहे’ आणि ‘देव प्रीती आहे’ ही दोन्ही वाक्यं याच पत्रातली. पहिलं अगदी सुरुवातीला येतं, दुसरं चौथ्या अध्यायात. कॅलेंडरवर नाहीतर चर्चच्या भिंतीवर ती एकेकटी वाचली की फार शांत वाटतात. प्रत्यक्षात ती लिहिली गेली एका फुटलेल्या मंडळीत.

हे पत्र इसवी सन १०० च्या आसपासचं मानलं जातं. परंपरा त्याचं नातं इफिस शहराशी जोडते, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याशी. पत्रावर लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुणाला लिहिलं तेही नाही. पण काय घडलं होतं ते दुसऱ्या अध्यायात कळतं: काही जण ‘आपल्यातून निघून गेले’. येशू खरोखर हाडामांसाचा माणूस होऊन आला, ही गोष्ट त्यांना पटत नसावी असं चौथ्या अध्यायावरून दिसतं. आपल्याला वरचं ज्ञान झालं आहे, आपण प्रकाशात आहोत, असा त्यांचा दावा होता. त्या दाव्याला लेखक तात्त्विक वादानं उत्तर देत नाही. तो विचारतो, तुझ्या भावाशी तू कसा वागतोस? मी प्रकाशात आहे असं म्हणून जो भावाचा द्वेष करतो तो अजून अंधारातच आहे. आपण कुठे चाललो आहोत हेही त्याला कळत नाही, कारण अंधारानं त्याचे डोळे आंधळे केले आहेत. दुसऱ्या अध्यायातल्या नवव्या ते अकराव्या ओवीचा हा आशय आहे.

ध्यानातून, उपासातून, गूढ ज्ञानातून प्रकाश मिळतो असं सांगणारे पंथ त्या काळी पुष्कळ होते. इथे मात्र प्रकाशाची परीक्षा घराच्या उंबऱ्यावर होते. भाऊ अडचणीत दिसतो, आपल्याकडे आहे, तरी हात आखडतो, अशा माणसात देवाची प्रीती कशी राहील, असं तिसरा अध्याय रोखठोक विचारतो. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रेम करत नाही तो न दिसलेल्या देवावर प्रेम करूच शकत नाही, असं चौथा अध्याय सांगतो.

यातलं पुष्कळसं जुनंच होतं, आणि लेखकही ते कबूल करतो: ही आज्ञा तुमच्याकडे सुरुवातीपासून होती. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं वचन. प्रकाश विरुद्ध अंधार ही भाषाही यहुदी परंपरेत रुळलेली होती. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत तिथल्या एका यहुदी पंथाच्या आचारनियमांची एक प्रत मिळाली. ती इसवी सनापूर्वीच्या शतकातली आहे. तिथे ‘प्रकाशाचे पुत्र’ आणि ‘अंधाराचे पुत्र’ असे दोन सरळ गट आहेत, आणि सभासदाला सुरुवातीलाच बजावलं आहे की पहिल्यांवर प्रेम करायचं आणि दुसऱ्यांचा द्वेष. योहानाच्या पत्रातली शब्दकळा या मजकुराच्या इतकी जवळची आहे की दोन्ही एकाच मातीत वाढले याबद्दल शंका राहत नाही. फरक एकाच ठिकाणी पडतो. द्वेष करा, अशी आज्ञा योहानाच्या पत्रात कुठेही नाही; उलट द्वेष हीच अंधाराची खूण ठरते.

योहानाच्याच नावाच्या शुभवर्तमानातला प्रसंग इथे डोळ्यांसमोर ठेवायला हवा. तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचेही. मग यहूदा भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर पडतो आणि लेखक एक अगदी छोटं वाक्य लिहितो: रात्र होती. त्यानंतर चारच ओव्यांनी ‘मी तुम्हांला नवी आज्ञा देतो, एकमेकांवर प्रीती करा’ हे येतं. विश्वासघात दाराबाहेर पडलेला आहे, आणि आत ही आज्ञा दिली जाते आहे.

पण एक अडचण आहे. या पत्रातला ‘भाऊ’ मूळ संदर्भात मंडळीतलाच भाऊ आहे. निघून गेलेल्यांबद्दल लेखकाची भाषा कठोर आहे, त्यांना तो ख्रिस्तविरोधी म्हणतो. आणि योहानाच्याच नावाच्या दुसऱ्या पत्रात वेगळी शिकवण घेऊन येणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याला अभिवादनही करू नका, असं सांगितलं आहे. म्हणजे प्रेमाचं सगळ्यांत थेट बोलणारं हे लेखन स्वतःभोवती एक कुंपणही घालतं. ते झाकून हे पत्र वाचणं मला प्रामाणिक वाटत नाही. नव्या कराराच्या इतर पानांनी मात्र हे कुंपण राहू दिलं नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शत्रूवर प्रेम करायला सांगितलं आहे. लूकाच्या दहाव्या अध्यायात ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून येशू वाटेत लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगतो आणि त्याला वाचवणारा ठरतो तो शोमरोनी, ज्याला यहुदी समाज आपला मानत नव्हता. पुढचा सगळा इतिहास या दोन ओढींमधला आहे: भाऊ म्हणजे आपला माणूस, की समोर पडलेला कोणीही?

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये इसवी सन २५२ च्या सुमारास साथ आली, तेव्हा ख्रिस्ती लोकांचा छळ होऊन दोनच वर्षं झाली होती. तिथला बिशप सिप्रियन यानं मंडळीला सांगितलं की फक्त आपल्या माणसांची शुश्रूषा करण्यात विशेष काही नाही. पुढे ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे परतला होता, आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्याच नव्हे, आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकानं दिलेली ही साक्ष म्हणून मला तिचं मोल जास्त वाटतं. याच काळात बाप्तिस्म्याला ‘उजेड मिळणं’ म्हणत. आजही कॅथलिक विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून देतात, ती त्याच विचाराची.

आणि मग बिशप ऑगस्टीन. ४०७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोमध्ये त्यानं ईस्टरच्या दिवसांत याच पत्रावर प्रवचनं दिली. ‘प्रेम कर आणि मग हवं ते कर’ हे त्याचं वाक्य तिथलंच. सुभाषितासारखं सांगितलं जाणारं हे वाक्य ज्या संदर्भात आलं तो फारसा सांगितला जात नाही. तेव्हा आफ्रिकेतलं चर्च डोनाटिस्ट (छळाच्या काळात डगमगलेल्या धर्मगुरूंना न मानणारे) आणि कॅथलिक अशा दोन गटांत दुभंगलेलं होतं. ऑगस्टीनचं म्हणणं असं की बाप मुलाला मारतो ते प्रेमानं, आणि गुलामांचा व्यापारी गोंजारतो ते लोभानं. म्हणून कृतीकडे पाहू नये, मुळाशी काय आहे ते पाहावं. विचार खोल आहे. पण पुढच्या काही वर्षांत याच युक्तिवादावर त्यानं डोनाटिस्टांना सरकारी बळानं परत आणण्याचं समर्थन केलं. भावावर प्रेम करा, या शिकवणीतूनच भावावर सक्ती करण्याची सोय निघाली. मध्ययुगात तिचा उपयोग पुष्कळांनी केला. प्रेमाच्या नावानं होणाऱ्या जबरदस्तीला या पत्रात खरं तर जागा नाही. तिथे प्रेमाची मोजदाद देण्यानं होते, स्वतःचा जीव देण्यापर्यंत.

मराठीत नवा करार पहिल्यांदा छापून आला तो १८११ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून. पण मराठी मनाला ही शिकवण भिडली ती माणसांमुळे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना लंडनमधल्या फुलमला एका आश्रमात गेल्या. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. असं कुणी का करतं, हे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपल्या बदलाचं मूळ रमाबाईंनी या भेटीत सांगितलं आहे. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर कुंपणाचा प्रश्नच हातात घेतला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसणार होते. दोन वर्षांनी ते वारले आणि दरबार फार फोफावला नाही, पण मराठी मातीत ‘भाऊ कोण?’ याला दिलेलं ते सगळ्यांत धाडसी उत्तर आहे असं मी मानतो. पसायदान तोंडपाठ असलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. दुरिताचा अंधार जाण्याची आणि जिवांचं मैत्र जडण्याची मागणी तिथेही शेजारी शेजारीच आहे.

इंदूरला कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाचे) मिशनरी १८७७ मध्ये आले. तुकोजीराव होळकर दुसरे गादीवर होते. शहरात उघड्यावर प्रवचन करण्यावरून दरबार आणि मिशन यांचा तंटा १८८० च्या दशकात बरीच वर्षं चालला. त्या काळच्या मिशनरी लिखाणात इथल्या लोकांना सर्रास ‘अंधारात बसलेले’ म्हटलं जाई. राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्या, अहिल्याबाईंची आठवण जपणाऱ्या मराठी घरांना ते झोंबलं असेल तर नवल नाही. योहानाच्या पत्रातला अंधारातला माणूस कोण, हे त्या लिखाणात हरवलं होतं. तिथे अंधारात आहे तो प्रकाशाचा दावा करणारा सभासद, दुसऱ्या धर्माचा शेजारी नव्हे.

याच मिशनचं दुसरं काम मात्र पत्राच्या तिसऱ्या अध्यायाला धरून होतं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत. त्यांच्यासाठी एलिझाबेथ बिटी आणि मॅरियन ऑलिव्हर या डॉक्टर १८८० च्या दशकात कॅनडाहून इंदूरला आल्या आणि पुढे स्त्रियांचं रुग्णालय उभं राहिलं. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला माळव्यात अजून छप्पनिया म्हणतात, अनाथ मुलांना मिशननं आसरा दिला. त्या आसऱ्यात धर्मांतराचा हेतूही मिसळलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

या शिकवणीची सगळ्यांत अवघड परीक्षा इंदूरच्या वाटेवर झाली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी. केरळात १९५४ मध्ये जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाच्या, १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायचं तर बँकेचं कर्ज मिळायला हवं, सरकारी योजना कळायला हव्यात, बायकांनी एकत्र यायला हवं, हे त्यांनी ओळखलं आणि त्याच कामाला लागल्या. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेत, भरल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत एका तरुणानं त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. त्यांचा तिथेच मृत्यू झाला. आपल्याला चिथावलं गेलं होतं, असं त्यानं पुढे स्वतःच सांगितलं. त्याला जन्मठेप झाली.

एक ख्रिस्ती संन्यासी धर्मगुरू तुरुंगात जाऊन त्या तरुणाला भेटत राहिले. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबानं आणि चर्चनं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, आणि २००६ मध्ये, सुमारे अकरा वर्षं शिक्षा भोगल्यावर, तो सुटला. केरळात जाऊन तो राणी मारियांच्या घरच्यांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा तो तिथे हजर होता.

ही राखी केरळच्या ख्रिस्ती प्रथेतली नव्हती. ती माळव्याची, इथल्या प्रत्येक घरातली. ‘भाऊ’ मंडळीच्या कुंपणाबाहेर आणायला एका धर्मभगिनीला शेजारच्या हिंदू घरातला सण उपयोगी पडला, आणि तेही ज्याच्या हातून बहीण गेली त्याच्यासाठी. अशा वेळी कायद्याचं काम आधी होऊ देणं महत्त्वाचं होतं आणि ते झालं. खटला चालला, शिक्षा झाली, माफी त्यानंतर आली. माफीनं खुनाला लहान केलं असतं तर तिला मी प्रेम म्हटलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. राणी मारियांबद्दल बोलताना बहुतेक जण राखीपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. व्याजाचा दर, बँकेची कर्जं, उदयनगरच्या बायकांचे बचतीचे पैसे हा भाग गळून जातो. आणि खून तर त्या भागामुळेच झाला. शब्दांनी आणि जिभेनं नको, कृतीनं प्रेम करा, असं योहानाचं पत्र गरजू भावाकडे बोट दाखवून लगेच पुढच्याच ओवीत सांगतं. तेव्हा इंदूरच्या मुलांना ही हकीकत सांगायची असेल तर आधी सावकाराची वही सांगावी, कर्ज कसं मिळवून दिलं ते सांगावं, आणि मग राखी.