जुने क्रोशाचे रुमाल आणि लेस: घरसजावटीत पुनर्वापर

आजी-पणजीच्या काळातले क्रोशाचे रुमाल, टीपॉयवरची गोल जाळी, टीव्ही कव्हर, साडीची किंवा परकराची निघालेली लेस हे सगळं ट्रंकेत पिवळं पडत ठेवण्यापेक्षा धुऊन, दुरुस्त करून घरात परत वापरायला काढणं, याला इथे पुनर्वापर म्हटलंय. इंग्रजीत अशा छोट्या जाळीदार रुमालाला डॉयली म्हणतात, तो शब्द 17 व्या शतकातल्या लंडनच्या एका कापड दुकानदाराच्या आडनावावरून आला, आधी त्याच्याकडच्या हलक्या लोकरी कापडाचं नाव, मग जेवणानंतरच्या गोडाबरोबर द्यायच्या छोट्या रुमालाचं नाव आणि शेवटी फुलदाणीखालच्या जाळीचं. मराठी घरात मात्र कोणी डॉयली म्हणत नाही, सरळ क्रोशाचा रुमाल म्हणतात.

आपल्याकडे हे सामान मुख्यतः रुखवतातून आलं. लग्न ठरलं की मुलगी आणि तिच्या घरच्या बायका महिनोन्‌महिने विणत बसायच्या आणि मग मांडवात टेबलावर तोरण, रुमालांचा सेट, रेडिओ कव्हर, नंतरच्या काळात टीव्ही कव्हर अशी मांडणी व्हायची. चौकोन भरून नक्षी काढायची जाळी असायची, तिचा नमुना आलेखाच्या कागदावर आधी काढून घ्यायचा, एक चौकोन भरलेला एक रिकामा असं करत करत हंस, गुलाब, सुस्वागतम्‌ची अक्षरं उमटायची. दुसरा लाडका नमुना अननसाचा, गोल रुमालात मधून बाहेर पसरत जाणारा. आणि पाण्याच्या तांब्यावर, दुधाच्या भांड्यावर घालायची जाळी, जिच्या कडेला मणी ओवलेले असतात, ते शोभेसाठी आहेत असं वाटतं पण खरं काम म्हणजे वजनाने जाळी उडू नये हे.

क्रोशा भारतात आला तो युरोपीय मिशनरी आणि नन यांच्यामार्फत. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला 19 व्या शतकात बायकांना हे काम शिकवलं गेलं, ते आजही तिथे चालतं आणि 2024 मध्ये त्याला जीआय, म्हणजे त्या गावाची खासियत म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्यात कॅथलिक घरांत आणि चर्चच्या वेदीवर लेस लावलेलं पांढरं कापड दिसतं. खुद्द युरोपात आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात नन लोकांनी गरीब घरांतल्या बायकांना क्रोशा शिकवला, कारण व्हेनिसची सुईची लेस करायला जितका वेळ जातो त्यापेक्षा हे खूप लवकर होतं आणि विकलं जातं. म्हणजे आपण ज्याला रिकामपणचा छंद समजतो त्यावर कित्येक घरांची चूल पेटलेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कात्री हातात घ्यायच्या आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. मशीनची लेस वेगळी आणि क्रोशा वेगळा. जॉन हीथकोटने 1808-09 च्या सुमाराला जाळी विणायचं मशीन काढलं आणि पुढे नॉटिंगहॅमच्या कारखान्यांतून मीटरवर लेस निघायला लागली, पण खरा क्रोशा करणारं मशीन आजही बाजारात नाही, त्यामुळे अगदी जत्रेतून घेतलेला स्वस्त रुमाल असला तरी तो कोणाच्या तरी हातानेच साखळी, खांब, मुका खांब असे क्रोशाचे टाके घालत झालेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की कापायला हात धजत नाही. शिवाय क्रोशा म्हणजे शेवटी एकच लांब धागा, मधून कापला की टाके सुटायला लागतात आणि चार धुण्यात जाळीचं भगदाड होतं. मशीनच्या लेसचं एखादं फूल कापून काढलं तर एवढं बिघडत नाही. धागा कशाचा आहे ते बघायला आतल्या बाजूचं एखादं लोंबणारं टोक काढून वाटीत जाळून बघतात, सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, नायलॉन असेल तर वितळून कडक गोळी होते.

माझं मत स्पष्ट आहे, धड असलेला रुमाल कापू नये, चिकटवू नये, त्यावर रंग मारू नये. फाटलेल्यांचं काय करायचं ते करा. धड रुमालाला नवी जागा द्यायची असेल तर ती अशी द्या की उद्या चार टाके उसवले की रुमाल जसाच्या तसा परत मिळेल.

धुणं हा यातला खरा नाजूक भाग. पिवळेपणा बऱ्याचदा घाणीचा नसतो, कापसाचा धागा हवेने आणि लाकडी कपाटातल्या किंवा पुठ्ठ्यातल्या आम्लाने पिवळा होतो. क्लोरीनचं ब्लीच घातलं तर पांढरं दिसतं पण धागा कुजतो. मी एकदा घाईत एका टेबलक्लॉथला ते केलं आणि वाळत घालताना मधली तीन फुलं हातात आली, ते अजून मनाला लागतं. त्यापेक्षा साध्या गार पाण्यात रात्रभर भिजवा, पाणी पिवळं झालं की बदला, असं दोन-तीनदा, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात घोळवा, चोळू नका, पिळू नका. तरी राहिलं तर ऑक्सिजनवालं ब्लीच थोडं, फक्त सुती पांढऱ्यासाठी. रंगीत दोऱ्याची किनार असेल तर आधी ओल्या पांढऱ्या कापडाने दाबून रंग जातो का बघा. गंजाच्या डागाला लिंबू-मीठ लावून थोडा वेळ उन्हात आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. उचलताना टॉवेलसकट उचला, ओला रुमाल स्वतःच्याच वजनाने ताणला जातो. वाळवताना गादीवर टॉवेल पसरून प्रत्येक टोकाला स्टीलची, न गंजणारी टाचणी लावायची, गोल गोलच राहतो, इस्त्री लागत नाही.

कडक उभा राहायला हवा असेल तर साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ. खळीत बुडवलेला रुमाल उलट्या वाटीवर बसवून वाळवला की वाटीच्या आकाराची जाळीदार परडी होते. पूर्वी साखरेचा पाकही वापरायचे पण आपल्या पावसाळ्यात तो ओला होतो आणि मुंग्या येतात, म्हणून नको. खळ घातलेलं सामान ठेवणीत टाकू नका, कसर लागते, आधी धुऊन मगच ठेवा.

जुन्या टीव्ही कव्हरची गोष्ट वेगळी आहे, कारण डबा टीव्ही गेला आणि भिंतीवरचा चपटा टीव्ही आला तसं ते एकदम बेकार झालं, घरोघरी पडून आहे. पण त्याचा समोर लोंबणारा कंगोऱ्यांचा भाग खिडकीच्या वरच्या दांडीला छान लागतो, सकाळचं ऊन आलं की जमिनीवर सगळी नक्षी पडते, आणि लांबट असेल तर जेवणाच्या टेबलावर मधोमध पट्टी म्हणून. छोटे गोल रुमाल कडेकडेने मुक्या खांबाने जोडून पडदा होतो, हे काम वेळखाऊ आहे पण माझ्या मते सगळ्यात देखणं. आकार वेगवेगळे असले तरी चालतं, आधी जमिनीवर मांडून बघा. गडद रंगाच्या खणाच्या किंवा इरकलच्या उशीच्या अभ्र्यावर पांढरा रुमाल टाक्यांनी बसवला तर तो जेवढा उठून दिसतो तेवढा टीपॉयवर कधीच दिसत नव्हता. एम्ब्रॉयडरीच्या रिंगेत किंवा मोठ्या बांगडीत ताणून भिंतीवर लावता येतो. दिव्याच्या शेडवर घालायचा तर एलईडी बल्बच वापरा आणि तोही कापडापासून लांब, जुना पिवळा बल्ब खूप तापतो. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यापासून कापडी मखरांकडे बरेच जण वळले, त्यात गणपतीच्या मागे रंगीत साडीवर टाचलेले क्रोशाचे रुमाल सुरेख दिसतात.

फ्रेम करायची असेल तर मागे आम्लरहित कागद, वर सुती कापड, त्यावर रुमाल टाक्यांनी, काच रुमालाला टेकू देऊ नका आणि थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका. मागच्या बाजूला कोणी विणला, साधारण कोणत्या साली, कोणाच्या रुखवतातला ते पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढच्या पिढीत हे सांगायला कोणी नसतं.

जुन्या विणकामाच्या पिशव्यांत पुष्कळदा एक अर्धवट रुमालही सापडतो, सुई तशीच अडकवलेली. त्याला टाकून देऊ नका आणि फ्रेमही लगेच करू नका. झालेल्या ओळींचे खांब मोजून नमुना कळतो, दोऱ्याची जाडी तपासून तशीच रीळ आणायची, पांढऱ्याची छटा जुळणार नाही, जुळवायला चहाच्या पाण्यातही बुडवू नका कारण त्यातल्या टॅनिनने धागा पुढे कमजोर होतो. विणताना लक्षात येतं की आधीच्या बाईचा हात घट्ट होता आणि आपला सैल आहे, एका ओळीपासून जाळी जरा मोठी होते. ती ओळ तशीच दिसू द्यावी.