टॅक्सॉल : यूच्या सालीत सापडलेलं औषध

टॅक्सॉल हे यू नावाच्या झाडात सापडलेलं कॅन्सरवरचं औषध. जेनेरिक नाव पॅक्लिटॅक्सेल, आणि पेशंटच्या फाइलवर, सलाइनच्या लेबलवर हेच नाव दिसतं, पण यावर रिसर्च करणारी मंडळी अजूनही टॅक्सॉलच म्हणतात कारण ते नाव जुनं आहे, १९६७ मध्ये पडलेलं, पुढे एका कंपनीने त्याचा ट्रेडमार्क घेतला म्हणून औषधाला दुसरं नाव द्यावं लागलं. अंडाशय, स्तन, फुप्फुस अशा बऱ्याच कॅन्सरमध्ये ते वापरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. पण नुसतं औषध म्हणून वाचलं तर अर्धीच गोष्ट कळते, कारण ज्या सालीतून ते यायचं ती सोलली की झाड मरायचं, आणि झाड न मारता हे औषध कसं मिळवायचं या एका प्रश्नावर गेली तीस-पस्तीस वर्षं जगभरात काम चाललंय.

झाड

यू म्हणजे टॅक्सस या वंशातली झाडं. पानं सुईसारखी चपटी, गडद हिरवी, पण पाइनसारखे शंकू नाहीत, बीभोवती लाल मऊ कपासारखा गर येतो आणि पक्षी तो खातात. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. लाल गर सोडला तर जवळपास सगळं झाड विषारी आहे, पानांत आणि बियांत टॅक्सिन नावाचं विष असतं आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. इथे नावांचा घोळ होतो म्हणून स्पष्टच सांगायला हवं की टॅक्सिन वेगळं आणि टॅक्सॉल वेगळं, यूची पानं किंवा साल उकळून पिल्याने कॅन्सर बरा होत नाही, जीव मात्र जाऊ शकतो.

औषध पहिल्यांदा मिळालं ते पॅसिफिक यूमधून. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलात मोठमोठ्या डग्लस फर झाडांच्या सावलीत हे वाढतं, अतिशय हळू, शंभर वर्षांचं झालं तरी खोड फार जाड नसतं. साल पातळ, पापुद्रे सुटणारी, आतून जांभळट-तांबूस. लाकूडतोडीवाल्यांच्या लेखी या झाडाला किंमत नव्हती, मोठी झाडं तोडून नेली की उरलेल्या काटक्या-फांद्यांच्या ढिगात यूसुद्धा टाकून जाळून देत. किती वर्षं ते असं जळत राहिलं आणि कुणाला पत्ता नव्हता की आत काय आहे, हे वाचताना खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडचा हिमालयन यू म्हणजे उत्तराखंडात ज्याला थुनेर म्हणतात तो. त्याची पानं काही ठिकाणी तालीसपत्र म्हणून विकली जातात, खरं तर तालीसपत्र नक्की कुठल्या झाडाचं यावरच मतभेद आहेत.

शोध कसा लागला

१९६० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने तिथल्या कृषी खात्याला बरोबर घेऊन एक मोठं काम सुरू केलं, हजारो वनस्पती गोळा करायच्या आणि प्रत्येकीचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचा. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतीतज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट जंगलातून पॅसिफिक यूचे नमुने आणले. १९६४ मध्ये सालीच्या अर्काने पेशी मरतात असं दिसलं आणि काम नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो वॉल यांच्या लॅबकडे गेलं. तिथे त्यांच्या जोडीला होते मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबारचे, शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि मग पीएचडी अमेरिकेत. याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं, त्याच्यापासूनही पुढे कॅन्सरची दोन औषधं आली. म्हणजे जगभरात वापरात असलेल्या केमोच्या औषधांच्या दोन मोठ्या घराण्यांच्या मुळाशी नंदुरबारचा एक माणूस आहे, आणि ही गोष्ट मराठी शाळांच्या पुस्तकांत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

टॅक्सॉलची रचना काढणं सोपं नव्हतं. रेणू अवाढव्य, ४७ कार्बन, ५१ हायड्रोजन, १४ ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन. एक्स-रेने रचना बघायची तर चांगला स्फटिक लागतो आणि टॅक्सॉलचा तसा स्फटिक काही मिळेना. शेवटी त्यांनी रेणू हलक्या हाताने दोन तुकड्यांत तोडला, तुकड्यांपासून स्फटिक बनणारे पदार्थ केले, त्यांचा एक्स-रे काढला आणि मग कागदावर दोन्ही परत जोडले. १९७१ मध्ये हे छापून आलं. त्यानंतर बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही, कारण सालीत ते अगदी कणभर आणि पाण्यात तर विरघळतच नाही.

पेशीत काय करतं

पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या बारीक नळ्या असतात, त्यांना मायक्रोट्युब्यूल म्हणतात. पेशी दोन व्हायच्या वेळी याच नळ्या दोऱ्यांसारख्या ताणल्या जाऊन क्रोमोसोम इकडे निम्मे तिकडे निम्मे ओढतात, आणि हे जमायला नळ्या सतत बनत आणि मोडत राहाव्या लागतात. आधी माहीत असलेली कॉल्चिसिन किंवा सदाफुलीपासूनची विन्क्रिस्टिनसारखी औषधं नळ्या बनूच देत नाहीत. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजमधल्या सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं की टॅक्सॉल बरोबर उलटं करतं, नळ्या बनू देतं पण मोडू देत नाही, सगळं जागच्या जागी घट्ट होऊन बसतं. अशा पद्धतीने काम करणारं औषध त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून जुनं बाजूला पडलेलं रसायन एकदम पुढे आलं.

बरीच वर्षं असंच समजत होते की पेशी विभागताना मधेच अडकते आणि मरते. पण २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या टीमने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या गाठींचे नमुने तपासले तेव्हा वेगळंच दिसलं, गाठीत औषध जेवढं पोचतं तेवढ्याने पेशी अडकत नाही, ती विभागते पण दोन दिशांऐवजी तीन-चार दिशांना ओढाताण होते, क्रोमोसोमची वाटणी चुकते आणि पुढच्या पेशी जगत नाहीत. इतकी वर्षं वापरात असलेल्या औषधाबद्दल एवढी मूळ गोष्ट इतक्या उशिरा कळली.

नळ्या फक्त कॅन्सरच्या पेशीत नसतात हीच अडचण. नसांच्या लांब तंतूंमध्ये याच नळ्यांवरून माल वाहून नेला जातो, त्यामुळे हातापायांची बोटं बधिर होणं, मुंग्या येणं, शर्टाचं बटण लावताना ते बोटांना जाणवतच नाही असं होणं, हा या औषधाचा पेशंटला सगळ्यात जास्त छळणारा त्रास. केस जातात, पांढऱ्या पेशी कमी होतात, पण ते बहुतेक वेळा भरून येतं, बधिरपणा मात्र काहींचा महिनोन्महिने राहतो. औषध चालू असताना हात-पाय गार मोज्यांत ठेवण्याच्या ट्रायल झाल्यात आणि काहींमध्ये फायदाही दिसलाय.

शिरेतून द्यायचं तर ते कशात तरी विरघळायला हवं, त्यासाठी एरंडेल तेलापासून बनवलेला क्रेमोफोर नावाचा पदार्थ आणि अल्कोहोल वापरतात. या क्रेमोफोरमुळे काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची औषधं देतात आणि पहिली काही मिनिटं नर्स पेशंटजवळून हलत नाही, शिवाय हा पदार्थ पीव्हीसीच्या नळीतून प्लॅस्टिकमधली रसायनं ओढून घेतो म्हणून नळीसुद्धा वेगळी लावावी लागते. २००५ मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रोटीनच्या सूक्ष्म कणांवर बसवलेलं पॅक्लिटॅक्सेल आलं, त्यात क्रेमोफोर लागत नाही. हृदयाच्या काही स्टेंटवरही पॅक्लिटॅक्सेलचा लेप असतो, रक्तवाहिनी परत बुजू नये म्हणून.

सालीचा प्रश्न

१९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंडाशयाच्या कॅन्सरच्या ज्या बायकांना दुसरी औषधं लागू पडत नव्हती त्यांच्यातल्या जवळपास ३० टक्के जणींच्या गाठी टॅक्सॉलने कमी झाल्या. मग मागणी वाढली आणि गणित समोर आलं. शंभर वर्षांच्या एका झाडाची साल साधारण तीन किलो, त्यातून टॅक्सॉल निघतं ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक डोस, आणि एका पेशंटला डोस लागतात अनेक. सरळ हिशोब, एका माणसामागे कित्येक झाडं, आणि तीसुद्धा अशी की पुन्हा उगवून तेवढी व्हायला शतक जाणार. याच जुन्या जंगलांत ठिपकेवाल्या घुबडाला वाचवण्यावरून आधीच मोठा वाद चालू होता. एका बाजूला मरणाच्या दारात असलेल्या बायका, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं. १९९२ मध्ये अमेरिकन संसदेने पॅसिफिक यूच्या तोडीवर नियम घालणारा कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये औषधालाही मंजुरी मिळाली.

पानातून, पेशीतून, जीनमधून

यातून सुटका केली ती पानांनी. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या टीमला युरोपियन यूच्या पानांत टॅक्सॉलचा गाभा तयार मिळाला, नाव १०-डीअ‍ॅसिटिल बॅकॅटिन, आणि टॅक्सॉलपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. पानं तोडली तर झाड मरत नाही, परत पालवी फुटते, सगळा फरक इथे आहे. गाभ्याला बाजूची साखळी जोडली की टॅक्सॉल होतं, ते जोडण्याची चांगली पद्धत फ्लोरिडाच्या रॉबर्ट हॉल्टन यांनी दिली, आणि पोतिएंच्या लॅबमधूनच डोसिटॅक्सेल हे भावंडही आलं. इंग्लंडमधल्या जुन्या बागांची यूची कुंपणं उन्हाळ्यात कातरतात ना, ती कोवळी कात्रणंसुद्धा औषधासाठी गोळा करून पाठवली जायची. १९९४ मध्ये हॉल्टन आणि निकोलाऊ यांच्या टीमनी स्वतंत्रपणे संपूर्ण रेणू लॅबमध्ये शून्यापासून बनवला, केमिस्ट्रीच्या दृष्टीने ते फार मोठं काम, पण पायऱ्या इतक्या की कारखान्यात तसं करणं परवडणारं नाही.

त्यानंतरची पायरी म्हणजे झाडच नको, फक्त पेशी. यूच्या पेशींचा गोळा टाकीत साखर आणि क्षार घालून वाढवायचा आणि त्या द्रवातून टॅक्सॉल काढायचं. जर्मनीत यासाठी ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्या वापरल्या गेल्या, आणि या पद्धतीला २००४ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला.

गेल्या काही वर्षांतलं काम मात्र जीनवर आहे आणि मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. प्रश्न साधा, यू हा रेणू बनवतो कसा, कुठकुठले एन्झाइम (पेशीत रासायनिक क्रिया घडवणारी प्रोटीनं), कुठल्या क्रमाने? पण यूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, मानवाच्या तिप्पट मोठा, त्यात शोधायचं कुठे. २०२१ मध्ये चीनमधल्या यूचा जीनोम वाचून झाला. जानेवारी २०२४ मध्ये शेन्झेनच्या टीमने रेणूतली ऑक्सिटेन नावाची चौकोनी कडी बनवणारा एन्झाइम ओळखला आणि नऊ जीन तंबाखूच्या जातीच्या झाडात घालून बॅकॅटिन, म्हणजे टॅक्सॉलचा गाभा, बनतं असं दाखवलं. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने आणखी नवे जीन शोधले, त्यात फोटो-१ नावाचं एक प्रोटीन निघालं. आधीच्या सगळ्या प्रयत्नांत पहिल्याच काही पायऱ्यांवर एन्झाइम भलतेच पदार्थ बनवत बसायचा, हे प्रोटीन बरोबर असलं की तो वळणावर राहतो. त्यामुळे तंबाखूच्या भाऊबंद झाडाच्या पानात बॅकॅटिनचं प्रमाण यूच्या पानातल्या इतकं आलं. यूला त्यासाठी वर्षं लागतात, हे रोप काही आठवड्यांत तयार होतं. बॅकॅटिनपासून औषधापर्यंतची साखळी अजून वेगळी जोडावीच लागते आणि कारखान्याच्या पातळीवर हे यायचंय.

बुरशीचा एक धागाही आहे. १९९३ मध्ये माँटानात पॅसिफिक यूच्या सालीत राहणाऱ्या एका बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचं छापून आलं आणि सगळ्यांना वाटलं आता ते पेनिसिलिनसारखं बुरशीतून मिळेल. पण लॅबमध्ये बुरशी पिढ्यान्पिढ्या वाढवली की टॅक्सॉल नाहीसं होतं, आणि २०१३ मध्ये त्या बुरशीचा जीनोम तपासला तर यूसारखे जीन मिळालेच नाहीत. उलट २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मांडलं की यूच्या फांदीला जिथे नवा फुटवा येऊन साल तडकते तिथे आत राहणारी बुरशी टॅक्सॉलचे थेंब जमवते आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशांना अडवते. हा वाद अजून मिटलेला नाही.

हिमालयातला यू

पॅसिफिक यूवरचा ताण पानांमुळे कमी झाला खरा, पण नव्वदच्या दशकात तोच ताण हिमालयावर आला. साल आणि पानं दोन्ही ओरबाडली गेली, पानं तोडणं झाडाला चालतं पण सगळ्याच फांद्या छाटल्या तर नाही. १९९५ पासून हिमालयन यूच्या व्यापारावर साइटिस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, आशियातल्या बाकीच्या काही जाती २००५ मध्ये त्यात आल्या, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत हिमालयन यू धोक्यातल्या जातींमध्ये आहे. बी उगवायला एक-दोन वर्षं थांबावं लागतं म्हणून रोपं बहुतेक फांदीच्या तुकड्यापासून करतात, तो तुकडा सावलीत, ओलसर मातीत, मुळं फुटायलाच कित्येक महिने घेतो.