पापणीच्या घामग्रंथीचा कर्करोग: महात्मा फुले योजनेतून उपचार कसे मिळवायचे

पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी मोल नावाच्या घामग्रंथी असतात. त्यांचा कर्करोग फार क्वचित होतो, म्हणूनच रांजणवाडी समजून तो अंगावर काढला जातो. माझ्या मावशीची गाठ एकदा काढली, पण तपासायला पाठवलीच नाही. आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा आली, तेव्हा तिथले केस झडून कड गुळगुळीत झाली होती. मग बायोप्सी झाली. अर्जाची खरी सुरुवात त्या रिपोर्टपासूनच होते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2023 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातली सगळी शिधापत्रिकाधारक कुटुंबं आली, पांढरं कार्डसुद्धा. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये.

शिधापत्रिका, आधार कार्ड, बायोप्सी रिपोर्ट आणि स्कॅन एका फाइलमध्ये ठेवा. नावं आधी जुळवून पाहा. मावशीच्या शिधापत्रिकेवर घरचं नाव होतं, आधारवर शाळेतलं. त्या दुरुस्तीत आमचे चार दिवस गेले.

रुग्णालय नुसतं योजनेत असून भागत नाही, कर्करोग शस्त्रक्रियेसाठी अंगीकृत, म्हणजे योजनेची मान्यता असलेलं, असावं लागतं. योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, नोंदणी करून देतात, रुग्णालय पूर्वपरवानगी मागतं आणि मंजुरीनंतर दाखल केलं जातं. गाठ काढल्यावर पापणी नव्याने बांधावी लागू शकते. तो भाग प्रस्तावात धरला आहे का, हे आरोग्यमित्रांना नक्की विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बायोप्सीचा फक्त कागद आणू नका. मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि काचेच्या स्लाइड लॅबमधून मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात, कारण स्तनाच्या कर्करोगातून पसरलेली गाठही सूक्ष्मदर्शकाखाली अशीच दिसू शकते. डोळ्याच्या दुखण्याला स्तनाची तपासणी कशाला, असं म्हणून मावशी अडून बसली होती. तसं करू नका, ती तपासणी करून घ्याच.

उपचारासाठी रेल्वेने जायचं असेल तर रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला 100 टक्के, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते.